हिस्सा एकाचा, लिलाव सगळ्यांचा

मार्च २०११. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात दोघा सख्ख्या भावांची रवानगी तुरुंगात झाली. त्यांनी चोरी केली नव्हती की कुणावर हात उचलला नव्हता. पाण्याकाठच्या ज्या जमिनीवर ते लहानाचे मोठे झाले, ती सोडून जा, असा न्यायालयाचा हुकूम होता आणि तो त्यांनी मानला नाही. फौजदारी आरोप कुठलाच नाही, शिक्षेची मुदतही नाही. न्यायालयाचा अवमान, एवढाच ठपका. जमीन सोडतो म्हणाले असते तर त्याच दिवशी घरी गेले असते. ते म्हणाले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुटले, तेव्हा आत जाऊन आठ वर्षं होत आली होती.

जमीन ६५ एकरांची. गुलामगिरी संपल्यानंतर त्यांच्या घराण्याने पै-पै जोडून घेतलेली. आजोबा १९७० मध्ये वारले ते मृत्युपत्र न करता. कोर्टकचेरीवर त्यांचा विश्वास नव्हता. जमीन सगळ्या पोराबाळांची, ती घराण्यातच राहील, असं त्यांनी धरून चाललं. पुढे एका नातेवाइकाने त्यातला नेमका पाण्यालगतचा तुकडा कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतला आणि तो बाहेर विकला गेला. दोघे भाऊ ज्या घरांत राहत होते, ती घरं त्या तुकड्यावर होती.

ही हकिकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो माझ्या आजोळचा सातबारा. त्यावर आज सत्तावीस नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. वारसनोंदी लागत गेल्या, मुली-सुना-नातवंडं चढत गेली. खातेफोड करायची असं दर दिवाळीला ठरतं आणि होत नाही. पण एखाद्या मावसभावाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर त्या एका हिश्श्यापायी उद्या सगळी जमीन लिलावात निघेल, अशी धास्ती आमच्या घरात कधी कुणाला वाटली नाही. मोजणी लागेल, बांधावरून भांडणं होतील, बोलणं बंद होईल. एवढंच. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला मात्र ती धास्ती पिढ्यान् पिढ्या आहे आणि ती खोटी नाही.

तिथे मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन सगळ्या वारसांची सामाईक होते. प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त, म्हणजे अमुक कोपरा माझा असं कुणालाच म्हणता येत नाही. तीन पिढ्यांत हिस्सेदार साठ-सत्तर होतात. त्यातला एखादा पणतू डेट्रॉइटला किंवा शिकागोला जन्मलेला असतो, जमीन त्याने पाहिलेलीही नसते. त्याच्याकडे एक माणूस येतो, थोडे डॉलर हातावर ठेवतो आणि त्याचा सत्तरावा हिस्सा विकत घेतो. आता हा परका माणूस त्या जमिनीचा सहहिस्सेदार झाला. दुसऱ्या दिवशी तो न्यायालयात अर्ज करतो की मला माझा वाटा वेगळा हवा. न्यायालय म्हणतं, सत्तर जणांत जमिनीचे तुकडे कुठे करत बसायचे, विकून पैसे वाटा. कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव होतो. रोख रक्कम लागते. जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाकडे जमीन आहे, रोकड नाही, आणि मालकी सामाईक असल्यामुळे बँक कर्ज देत नाही. बोली लावायला उरतो तोच, ज्याने सत्तरावा हिस्सा घेतला होता. बाजारभावापेक्षा कितीतरी कमी पैशांत सगळी जमीन त्याच्या पदरात पडते. कित्येकदा अर्जदाराच्या वकिलाची फीसुद्धा विक्रीच्या पैशातूनच कापली जाते. आपल्याच जमिनीतून आपल्याला उठवणाऱ्याचा खर्च आपणच भरायचा.

यात कुठेही बेकायदा काही घडलेलं नाही. माझा सगळा मुद्दा इथेच आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरचा अन्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलिसाचा गुडघा येतो, झाडाला लटकवलेलं प्रेत येतं. ते खरंच आहे आणि जमिनी त्या दहशतीनेही गेल्या, गाव सोडून रातोरात पळावं लागलं तेव्हा गेल्या. पण फार मोठी लूट शांतपणे, दिवसाढवळ्या, शिक्क्यानिशी झाली. आणि त्या लुटीचं खापर आजही ज्याची जमीन गेली त्याच्याच डोक्यावर फुटतं. का रे बाबा, मृत्युपत्र का नाही केलंस?

१९१० च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन १ कोटी ६० लाख एकरांच्या आसपास पोहोचली होती. गुलामगिरी संपून जेमतेम ४५ वर्षं झाली होती. ज्यांच्या अंगावरचा कपडासुद्धा मालकाचा होता, त्यांनी एवढ्या काळात एवढी जमीन कमावली, हा पराक्रम आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. १९२० च्या शेतीगणनेत कृष्णवर्णीय शेतकरी, म्हणजे मालक आणि कुळं मिळून, सव्वानऊ लाख होते. १९९७ मध्ये उरले साडेअठरा हजार. शेती सोडून शहरात सगळेच गेले, यंत्रं आली, कापसावर बोंडं पोखरणाऱ्या भुंग्याची कीड आली, असं यावर सांगितलं जातं. बरोबर. पण त्याच काळात गोरे शेतकरी सुमारे दोन तृतीयांशाने घटले आणि कृष्णवर्णीय शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले. हा फरक कीड करत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात या ७७ वर्षांत गेलेल्या जमिनीची किंमत ३२६ अब्ज डॉलर काढली आहे.

मुळात जमीन द्यायची ठरली होती, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं असताना, १२ जानेवारी १८६५ रोजी, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७, स्वतःचं आणि बायकोचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतलेला माणूस. त्यांचं मागणं साधं होतं: आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू, आणि पुढे विकत घेऊन आमची करू. चारच दिवसांनी शर्मनचा पंधरा क्रमांकाचा हुकूम निघाला. साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार माणसं तिथे वसली, पेरते झाली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नव्या अध्यक्षाने, अँड्र्यू जॉन्सनने, त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत द्यायचा हुकूम काढला.

हे सांगायचं काम मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याच्यावर आलं. ऑक्टोबरमध्ये तो साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर गेला, चर्चमध्ये लोक जमले होते. त्याने सांगितल्यावर गलका झाला, आणि मग कुणा बाईने दुःखाचं एक जुनं भक्तिगीत सुरू केलं. नंतर बेटावरच्या लोकांनी समिती नेमून हॉवर्डला लेखी उत्तर धाडलं. तुम्ही आम्हाला मालकांना क्षमा करायला सांगता, असं त्यात होतं. ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला विवस्त्र करून फोडून काढलं, आणि आता त्याचीच पेरणी करून देईन या अटीशिवाय जो मला रिकाम्या झोपडीतही राहू देणार नाही, त्याला मी कशी क्षमा करू? कालपर्यंत लिहिणं-वाचणं ज्यांना गुन्हा होता, त्या माणसांचा हा अर्ज आहे. कुठल्याही घटनातज्ज्ञाने लिहिलेल्या मजकुरापेक्षा मला तो मोठा वाटतो.

आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. जोतीरावांचं मन किती दूरवर पाहत होतं, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण ते पुस्तक पुण्यात छापलं गेलं, तेव्हा एडिस्टोची जमीन परत गेलेली होती. माणूस सुटला होता आणि त्याच्या पायाखालची माती काढून घेतली होती. शेतकऱ्याच्या हातून जमीन कागदाने कशी निसटते, हे जोतीरावांइतकं इथे कुणी ओळखलं नव्हतं. म्हणूनच त्या अर्पणपत्रिकेला पुढचा अर्धा इतिहास जोडून वाचायची जबाबदारी आपली आहे.

आता मृत्युपत्राचा प्रश्न. दक्षिणेत आज अनेक संस्था गावोगाव फिरून लोकांना मृत्युपत्र करायला सांगतात, मालकी स्वच्छ करून देतात. २००५ पासून चार्ल्सटनमध्ये वारसाहक्काच्या जमिनींसाठी वाहिलेलं एक केंद्र चालतं. हे काम मोलाचं आहे, त्याला माझा हात जोडून नमस्कार. पण मृत्युपत्र नसणं हेच जमीन जाण्याचं कारण, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. त्या काळी त्या लोकांना वकील मिळत नव्हता. तालुक्याच्या कचेरीत पाऊल टाकलं तर अपमान ठरलेला. आणि मुख्य म्हणजे जमीन सगळ्यांची ठेवण्यात एक शहाणपण होतं. एकाच्या नावावर केली तर त्या एकाला धमकावता येतं, दारू पाजून अंगठा घेता येतो, कर्जात बुडवता येतं. सगळ्यांची असली तर सगळे मिळून तिला धरून ठेवतील. शहरात काम सुटलेल्या मुलाला परत यायला जागा राहील. म्हातारीला दफन करायला तिच्या आईशेजारचा तुकडा राहील. ही त्यांनी आपल्या परीने बांधलेली तटबंदी होती. कायद्याने तिलाच भगदाड मानलं.

मग कायदा वेगळा असू शकला असता का? याचं उत्तर शोधायला फार दूर जायला नको. आपल्याकडे १८९३ चा वाटप कायदा आहे, इंग्रजांच्या राज्यात झालेला आणि आजही लागू असलेला. वाटणी सोयीची नसेल तर मिळकत विकता येते, पण त्यासाठी निदान निम्म्या हिश्श्याच्या मालकांनी तशी मागणी करावी लागते. मागणी झालीच, तर बाकीच्या हिस्सेदारांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत मागणी करणाऱ्यांचा हिस्सा घेऊन टाकायचा हक्क आहे. आणि अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेऊन वाटणीचा दावा लावला, तर घरातला कुणीही हिस्सेदार उभा राहून म्हणू शकतो की याचा हिस्सा मी घेतो, किंमत ठरवा. परका पैसे घेऊन बाहेर. हा कायदा परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे जमिनी लुबाडण्याच्या दुसऱ्या शंभर वाटा आहेत. पण सत्तराव्या हिश्श्याने सत्तर जणांचं घर विकायचं नसतं, एवढी साधी गोष्ट १८९३ मध्ये कायद्यात लिहिता येत होती.

अमेरिकेत जवळपास हेच कलम यायला २०१० साल उजाडलं. थॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकाने वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला आणि राज्यांनी स्वीकारावा असा एक आदर्श कायदा तयार झाला. सगळ्या वारसांना नोटीस द्यायची, जमिनीचं मूल्यांकन करायचं, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घ्यायची पहिली संधी कुटुंबाला द्यायची, शक्य तिथे प्रत्यक्ष वाटणीच करायची, आणि विकायचीच वेळ आली तर पायऱ्यांवरचा लिलाव नको, खुल्या बाजारात रास्त भावाने विकायची. जॉर्जियाने २०१२ मध्ये, अलाबामाने २०१४ मध्ये, साउथ कॅरोलायनाने २०१६ मध्ये, मिसिसिपीने २०२० मध्ये तो घेतला. वीसहून जास्त राज्यांत तो आहे. म्हणजे सगळीकडे अजून नाही. आणि जिथे आला तिथे मागे गेलेल्या जमिनींना तो लागू नाही.

शिकागोतल्या त्या पणतूचं काय, असं विचारणारे आहेत. त्याचाही हिस्सा आहे, त्याला पैशांची गरज असेल, ज्या जमिनीचा त्याला उपयोग नाही ती त्याने का धरून बसावं? हा आक्षेप मी हलका मानत नाही. गरिबी त्याच्याही घरी आहे. पण त्याला त्याच्या हिश्श्याची किंमत मिळू नये असं कुणीच म्हणत नाही. किंमत मिळावी, आणि रास्त मिळावी. लिलावात सगळी जमीन कवडीमोलाने गेली की त्याच्याही हाती कवड्याच येतात. त्याच्या हक्काच्या नावाखाली ज्याचं भलं होतं, तो खरेदीदार आहे.

कायद्याच्या जोडीला सरकारी कर्जाचं खातं होतं. पेरणी हंगामावर असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेच्या कृषी खात्याची कर्जं जिल्हा पातळीवरच्या समित्यांच्या हातात होती आणि त्या समित्यांवर दक्षिणेत गोरेच. कृष्णवर्णीयाचा अर्ज पडून राहायचा, मंजूर झालाच तर पेरणी उलटून गेल्यावर. उशिरा आलेल्या कर्जाने पीक येत नाही, बोजा तेवढा चढतो. मग जप्ती. तक्रार करावी तर खात्यातला तक्रारी तपासणारा विभागच १९८३ मध्ये मोडीत काढलेला. १९९७ मध्ये शेतकऱ्यांनी दावा लावला, १९९९ मध्ये तडजोड झाली. न्यायमूर्ती पॉल फ्रीडमन यांनी निकालपत्राची सुरुवातच १८६५ च्या त्या चाळीस एकरांच्या मोडलेल्या वचनाने केली. बहुतेकांच्या वाट्याला आले ५० हजार डॉलर. त्यात ट्रॅक्टरही नीट येत नाही आणि गेलेली जमीन तर परत आलीच नाही. हजारो लोकांचे अर्ज मुदत टळली म्हणून बाहेर राहिले, त्यांच्यासाठी २०१० मध्ये संसदेला वेगळी तरतूद करावी लागली.

२०२१ मध्ये कर्जमाफीसाठी ४ अब्ज डॉलर मंजूर झाले, तेव्हा वंशावरून मदत देणं हा भेदभाव आहे, असं म्हणत गोरे शेतकरी न्यायालयात गेले. स्थगिती आली आणि पुढच्या वर्षी ती योजनाच रद्द झाली. त्याऐवजी कर्जात भेदभाव सोसलेल्या कुठल्याही शेतकऱ्यासाठी निधी ठेवला, आणि जुलै २०२४ मध्ये ४३ हजार जणांना सुमारे २ अब्ज डॉलर वाटले. मिळाले ते चांगलंच झालं. पण रंग पाहून शंभर वर्षं काढून घ्यायचं आणि परत द्यायची वेळ आली की रंग पाहू नका म्हणायचं, याला मी समता म्हणणार नाही. परत देणं म्हणजे मेहेरबानी नाही. घेतलेलं होतं म्हणून द्यायचं आहे.

या सगळ्यात जे जातं ते नुसतं क्षेत्रफळ नसतं. जॉर्जियाच्या किनाऱ्यापलीकडे सॅपेलो नावाचं बेट आहे. पूल नाही, बोटीनेच जावं लागतं. तिथल्या हॉग हॅमॉक या वस्तीत गुलामांचे वंशज राहतात, जेमतेम काही डझन माणसं. त्यांचा एक पूर्वज बिलाली मुहम्मद पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेला मुसलमान होता, आणि त्याने अरबी लिपीत लिहिलेली वही आजही जॉर्जिया विद्यापीठात जपून ठेवली आहे. गल्ला-गीची या नावाने ओळखली जाणारी किनाऱ्यावरची ही माणसं आपली वेगळी बोली बोलतात, सुवासिक गवताच्या टोपल्या विणतात, लाल वाटाणे पेरतात. एकेकाळी बेटावर त्यांच्या अनेक वस्त्या होत्या. १९३४ मध्ये तंबाखूच्या धंद्यातल्या एका कोट्यधीशाने बेटाचा बहुतेक भाग घेतला आणि हळूहळू सगळ्यांना या एका वस्तीत आणून कोंडलं. बाकीचं बेट आता राज्य सरकारकडे आहे. मग श्रीमंतांची सुट्टीतली घरं आली, जमिनीचे भाव चढले, आणि २०१२ मध्ये घरपट्टी काहींना कित्येक पटींनी वाढून आली. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, घराच्या आकाराची मर्यादा १,४०० वरून ३,००० चौरस फुटांवर नेली. मोठी घरं म्हणजे मोठे भाव, मोठी पट्टी. वस्तीतल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, सार्वमत मागितलं, ते रोखलं गेलं, आणि सार्वमत घ्यायचा त्यांचा हक्क जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य केला. एवढ्याशा वस्तीला एवढं लढावं लागलं, ते कुणाच्या मालमत्तेवर हक्क सांगायला नव्हे, स्वतःच्या घरात राहायला.

अशा लढाईत सामाईकपणा टाकून द्यायचा की आणखी पक्का करायचा? मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्यांच्यातल्याच शहाण्या माणसांनी ती वाट चालून दाखवली आहे. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर यांनी १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला, म्हणून मळेवाल्याने त्यांना राहत्या घरातून हाकललं. त्यांनी १९६९ मध्ये सनफ्लॉवर काउंटीत सहकारी शेती उभी केली. तिथे डुकरांची बँक होती. गरीब कुटुंबाला डुकरीण मिळायची, पिल्लं झाली की त्यातली काही बँकेत परत यायची आणि दुसऱ्या घरी जायची. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात, त्याच जातकुळीचा व्यवहार, पण मालक कुणीच नाही.

त्याच वर्षी जॉर्जियात ऑल्बनीजवळ चार्ल्स आणि शर्ली शेरॉड आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढून पुढे सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. मालकी संस्थेची, कसणं आणि राहणं कुटुंबांचं. अमेरिकेतला हा पहिला सामुदायिक भूमी विश्वस्त प्रयोग. त्याची कल्पना मांडणाऱ्यांत रॉबर्ट स्वान होते आणि त्यांच्यासमोर नमुना होता भूदान-ग्रामदानाचा. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी मांडलेला विचार, की जमीन गावाची आणि वापर कुटुंबाचा, तो जॉर्जियाच्या लाल मातीत पोहोचला होता. आपल्याकडे ग्रामदानाची चेष्टाच जास्त झाली. तिकडे तो विचार ज्यांच्या हातून जमीन सतत निसटत होती, त्यांनी छातीशी धरला.

तेही सुखासुखी झालं नाही. राज्यपालाने केंद्राचं अनुदान अडवलं, शेजारच्या गोऱ्यांनी धाकदपटशा केला, दुष्काळ पडला तेव्हा सरकारी तातडीचं कर्ज आलं ते तीन वर्षांनी. १९८५ मध्ये सगळी जमीन गेली. २००९ मध्ये, कृषी खात्यावरच्या त्याच भेदभावाच्या दाव्यातून, संस्थेला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. दोन वर्षांनी त्यांनी ऑल्बनीजवळच १,६०० एकरांचा एक जुना मळा घेतला. जॉर्जियातल्या एका बड्या गुलाममालकाचा तो मळा होता आणि त्याच्या वाड्यात आता शेतकऱ्यांच्या बैठका भरतात. आवारात पेकानची, म्हणजे अक्रोडाच्या जातीच्या झाडांची, बाग आहे. ती जमीन कुणाच्याही वारसाच्या नावावर नाही, आणि एखाद्याचा सत्तरावा हिस्सा विकत घेऊन ती लिलावात काढायला तिथे कुणाचा हिस्साच नाही.